शिलेदार, बारगीर आणि साईस

नगरहून पुण्याकडे निघालं की गव्हाणेवाडी मागे पडते, घोड नदीचा पूल लागतो आणि जिल्हा संपतो. पलीकडच्या शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. याच तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारनं तिथे घोड्यांची पैदास चालवली होती. शिरूरला छावणी होती, छावणीत रिसाला होता आणि रिसाल्याला घोडं लागतं. पुढे खुद्द नगरला लष्कराचा रिमाउंट डेपो झाला. ऑस्ट्रेलियातून बोटीनं आलेले 'वेलर' जातीचे उंचेपुरे घोडे अशा डेपोंमध्ये माणसाळवून पलटणींना वाटले जात. मग घोडे गेले आणि रणगाडे आले. १८१७ साली उभा राहिलेला 'पूना हॉर्स' रिसाला नावात अजून घोडा बाळगून आहे. त्याचे जवान नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये शिकतात ते मात्र रणगाडा हाकायला.

घोड्यांच्या धंद्यात पोटापाण्याचं काही आहे का, असं या जिल्ह्यातल्या एखाद्या पोरानं विचारलं तर ऐकणारा आज हसतो. रेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीची हिरवळ, गळ्यात दुर्बिणी अडकवलेले श्रीमंत आणि सट्टा एवढंच उभं राहतं. नगर जिल्ह्यात रेसकोर्स नाही. अख्ख्या महाराष्ट्रात मोठी रेसकोर्स दोनच, मुंबई आणि पुणे. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम, हिवाळ्यात मुंबईचा, आणि दोन्हींचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. पण या धंद्यातली निम्म्याहून जास्त कामं रेसकोर्सच्या गर्दीसमोर होतच नाहीत. ती मध्यरात्री आणि पहाटे, शेणामुताच्या वासात, कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात होतात. ती करणाऱ्यांत गावाकडची माणसं मुबलक असतात, फक्त त्यांची नावं रेसच्या पुस्तकात छापून येत नाहीत.

तसा हा धंदा या मातीला परका नाही. निजामशाहीचे घोडे चौलच्या बंदरात उतरत, अरबस्तानातून आणि इराणच्या आखातातून. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारली ती चपळ मराठी घोडदळाच्या जोरावर. तेव्हाच्या फौजांत स्वारांचे दोन वर्ग होते. स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी नाहीतर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराला जास्त मिळे, पण घोडं मेलं की तो आयुष्यातून उठे. बारगिराला कमी मिळे, पण रात्री झोप लागे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय हिशेबात धरल्याशिवाय घोडदळ उभं राहत नाही, हे ती रचना करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

घोडा कुणाचा, त्यावर बसतो कोण आणि त्याला खरारा करतो कोण, हे तीन प्रश्न रेसच्या धंद्यातही जसेच्या तसे आहेत. फरक एवढाच की आजचा शिलेदार सहसा घोड्यावर बसत नाही.

पुण्याच्या आसपास घोड्यांची पैदास करणारी स्टड फार्म आहेत. सर्वांत नाव झालेलं पूनावालांचं, १९४६ साली सुरू झालेलं. मावळात नानोलीचं आहे. तिथे वाढतो तो 'थरोब्रेड', म्हणजे शर्यतीसाठीच घडवलेली जात. जगातला प्रत्येक थरोब्रेड बापाच्या बाजूनं इंग्लंडात नेलेल्या तीन पूर्वेकडच्या घोड्यांपैकी एकाशी जाऊन भिडतो. इंग्रजांनी १७९१ मध्ये त्यांच्या वंशावळीचं पहिलं पुस्तक काढलं. आपल्याकडची वही स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया पुण्यात बसून सांभाळते. शिंगरू जन्मलं की त्याची नोंद, आईबापाची डीएनए चाचणी, मानेत मायक्रोचिप, अंगावरच्या खुणांचा नकाशा. पुढे नाव ठेवायचं तर रोमन लिपीतली अठरा अक्षरं, मोकळ्या जागा धरून. त्याहून लांब नाव चालत नाही. आपल्याकडे कित्येक माणसांची वंशावळ पणजोबापाशी अडते. इथे शिंगराची सातवी पिढी मागता क्षणी कागदावर मिळते.

या वहीत एक नियम आहे, तो नगरच्या दूधवाल्याला खुळा वाटेल. संगमनेर-राहात्याकडे गाय माजावर आली की फोन जातो आणि डॉक्टर रेतनाची कांडी घेऊन मोटारसायकलवर येतो. वळू कुणी बघितलेलाही नसतो. थरोब्रेडच्या जगात कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. घोडा आणि घोडी समोरासमोर यायलाच हवेत, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. त्यामुळे घोड्यानं एका हंगामात किती घोड्या फळवाव्यात याला शरीराचीच मर्यादा पडते आणि नावाजलेल्या घोड्याची फी चढते. घोडी ट्रकमधून त्याच्याकडे न्यावी लागते. ट्रक आला की ड्रायव्हर आला, बरोबर घोड्याची निगा राखणारा साईस आला, घोडी खरंच माजावर आहे का हे सोनोग्राफीवर बघणारा डॉक्टर आला. एका नियमानं एवढ्या माणसांची चूल पेटते. आणि एका बिचाऱ्या घोड्याचीही. त्याला 'टीझर' म्हणतात. कुंपणाआडून घोडीची मनधरणी करायची, ती राजी आहे एवढं सिद्ध करायचं आणि मग दोरी धरून परत जायचं. पुढचं काम लाखमोलाच्या घोड्याचं. स्टड फार्मवरच्या सगळ्या नोकऱ्यांत मला हीच सर्वांत करुण वाटते.

घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांचे. भारतात शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एकदम वर्षानं वाढतं, मग शिंगरू कधीही जन्मलेलं असो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेलं दुर्दैवी शिंगरू आठवड्यात एक वर्षाचं होतं आणि आपल्याहून अकरा महिन्यांनी थोरल्या भावंडांबरोबर पळायला लागतं. म्हणून सगळा आटापिटा असतो तो वर्षाच्या पहिल्या महिन्यांत वीण यावी यासाठी.

आणि घोड्या रात्री वितात. माणसाची चाहूल थांबली, तबेला निजला की मगच. फार्मवर यासाठी रात्रपाळीचा माणूस असतो, आणि सगळ्या धंद्याचा भार त्या महिन्यांत त्याच्या डोळ्यांवर असतो. विण्याआधी दोन-चार दिवस कास भरते, सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब जमतात. मग एखाद्या रात्री घोडी कोपऱ्यात फिरायला लागते, काखेत आणि मानेवर घाम येतो, ती बसते, उठते, मागे वळून पोटाकडे बघते. पाण्याची पिशवी फुटली की पुढचा सगळा खेळ अर्ध्या तासाचा. आधी एक पुढचा पाय दिसायला हवा, त्याच्या मागे बोटभर अंतरानं दुसरा, त्यांवर टेकलेलं नाक. तसं दिसलं तर हात बांधून उभं राहायचं. पण पांढरट पडद्याऐवजी मखमलीसारखी लाल पिशवी आधी बाहेर आली, तर वार वेळेआधीच सुटलेली असते आणि शिंगराचा श्वास तुटत असतो. तेव्हा डॉक्टरची वाट बघायला वेळ नसतो. त्या माणसानं स्वतः पिशवी कापायची आणि शिंगरू ओढून काढायचं. लाखो रुपयांचा फैसला त्या मिनिटात त्याच्या हातात असतो.

पुढचा हिशेब फार्मवर सगळ्यांना पाठ असतो. तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आईला लुचलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. घोडीच्या पोटात शिंगराला रोगाविरुद्धची शक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते आणि पहिल्या दिवसानंतर त्याचं आतडं ती घ्यायचं बंद करतं. म्हणून तो रात्रपाळीवाला लटपटत्या शिंगराला कमरेला हात देऊन आईच्या कासेशी नेतो, नाळेला औषध लावतो, वहीत वेळ टिपतो आणि मगच चहा घेतो. पन्नासेक किलोचं ते पिल्लू पुढे डर्बी जिंकलं, तर फोटोत मालक असतो, ट्रेनर असतो, जॉकी असतो.

ज्याला या धंद्यात शिरायचं आहे त्यानं याच दारानं शिरावं, असं मला वाटतं. साईसाचं काम कष्टाचं, पगार बेताचा, सुट्टी कमी. पण घोडा वाचायला शिकण्याची दुसरी शाळा नाही. चंदी उरली का, लीद कशी आहे, एखाद्या पायाला ऊब आहे का, हे ज्याला हाताला कळतं तोच पुढे मुख्य साईस होतो, स्टडचा व्यवस्थापक होतो. पशुवैद्यकाचा रस्ता सरळ आहे: नीट परीक्षा, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, मुंबईचं १८८६ सालचं कॉलेज किंवा सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं. मात्र कॉलेजात बहुतेक वेळ गाईम्हशींत जातो. घोडा शिकायला नंतर फार्मवर उमेदवारी करावी लागते. नालबंदाची तर सगळीकडे वानवा आहे. शर्यतीच्या घोड्याला ॲल्युमिनियमचा हलका नाल लागतो, तो महिन्याभरात बदलावा लागतो, आणि एक खिळा जिवंत भागात गेला तर घोडा हंगामातून बाद. हे काम लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, मेरठच्या केंद्रात, चांगलं शिकवतात. नगरच्या घरोघरी कुणी ना कुणी फौजेत असतो. पण या कोअरचं नाव भरतीच्या रांगेत फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

जॉकीचं स्वप्न वजनकाट्यावर ठरतं. पन्नास-पंचावन्न किलोंच्या आत राहणं ज्याला जमत नाही त्यानं ते सोडून द्यावं. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी मराठी नावं या यादीत मानानं आहेत, पण एका शिंद्यामागे किती पोरं राइडिंग बॉय म्हणूनच म्हातारी झाली याची यादी कुणी ठेवत नाही.

आता मालकाकडे वळू. या बाबतीत मराठी माणसानं जगाला एकदा चकित केलं होतं. गायकवाड घराणं मूळचं खेडजवळच्या दावडीचं; शिलेदारी करत करत ते बडोद्याच्या गादीवर पोचलं. त्यांतले प्रतापसिंहराव १९४५ साली इंग्लंडातल्या लिलावात उतरले आणि एका वर्षाच्या शिंगरासाठी २८,००० गिनी मोजल्या. तोवर कुणी एवढी किंमत दिली नव्हती. शिंगराला त्यांनी आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. १९४७ मध्ये सयाजीरावनं आयरिश डर्बी जिंकली आणि इंग्लंडातली सेंट लेजरही. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच 'माय बाबू'नं टू थाउजंड गिनीज ही शर्यत मारली. १९४३ साली मुंबईत पहिल्यांदा झालेली आपली इंडियन डर्बीही त्यांच्याच 'प्रिन्सेस ब्युटिफुल'नं जिंकलेली. घोडे जिंकत राहिले, पण संस्थानच्या तिजोरीवर हात सैल सुटला होता, आणि १९५१ मध्ये भारत सरकारनं प्रतापसिंहरावांची पदवी काढून घेतली. शौक आणि धंदा यांच्यातली रेघ या क्षेत्रात फार पुसट असते.

आजचे मालक एवढे मोठे नसतात. चार-सहा जण मिळून एक घोडा घेतात, क्लबकडे नोंदणी करतात, ट्रेनरला महिन्याचे पैसे भरतात. आणि घोडा जिंको न जिंको, बिल दर महिन्याला येतं. बक्षिसाचा पैसा येतो तो बव्हंशी सट्ट्यातल्या क्लबच्या हिश्श्यातून. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, त्यामुळे कायद्यानं तो जुगाराच्या रांगेतून बाहेर आला. करानं त्याला परत तिथेच नेऊन बसवलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तो २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. एवढा कर भरून खिडकीवर पैसे लावण्यापेक्षा लोक बेकायदा बुकीला फोन करतात. क्लबचा हिस्सा आटतो, बक्षिसं आटतात, मालक नवं शिंगरू घ्यायला कचरतो, आणि शेवटी स्टड फार्मवर त्या वर्षी कमी घोड्या फळवल्या जातात. म्हणजे दिल्लीत वाढलेला टक्का रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोचायला दोन हंगाम लागतात, पण पोचतो नक्की. त्यात मुंबईची जागाही आकसते आहे. महालक्ष्मीच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानाला जाणार, ९१ एकर क्लबकडे भाड्यानं राहणार, असं २०२४ मध्ये ठरलं. उद्यानाला माझा विरोध नाही. पण हा धंदा पुढच्या तीस वर्षांत फोफावेल असं सांगणाऱ्यावर मी पैसे लावणार नाही.

नगर जिल्ह्यातली खरी शर्यत वेगळीच आहे, आणि तिच्यातही घोडी आहे. पारनेरकडे आणि शेजारच्या जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात सुटतो तेव्हा बैलांच्या पुढे एक घोडी पळते. घोडी सुटली की बैल तिच्या मागे जीव तोडून धावतात. बारी काही सेकंदांत संपते. हे बैलांना आणि घोडीला महिनोन्‌महिने एकत्र पळवून शिकवलेलं असतं, आणि घोडीवर बसणारा पोरगा कुठल्याही जॉकीइतका धीट असतो, हेल्मेट सोडलं तर. २०१४ ची बंदी, २०२१ ची सशर्त परवानगी आणि मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, यांनंतर घाट पुन्हा भरले. इथे वंशावळीची वही नाही. घोडी घेताना माणसं अंगावरचे भोवरे बघतात, कुठला शुभ, कुठला खोडीचा. चारी पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याण म्हणून भाव वाढतो. येवल्याच्या बाजारात नाहीतर दत्तजयंतीला सारंगखेड्यात हे व्यवहार होतात.

आणि तिसरं घोडं, जिल्ह्याचं अगदी स्वतःचं. ज्या तट्टांचं नाव राज्यगीतात आहे ती भीमथडीची तट्टं म्हणजे इतिहासातली गोष्ट, असं शहरातल्या माणसाला वाटतं. ती दिवाळीनंतर रस्त्यावर दिसतात. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतून मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात, काही थेट घाट उतरून कोकणात जातात. पहाटे बाप्ये मेंढरं चरायला पुढे काढतात. मागचं बिऱ्हाड बायकांच्या अंगावर असतं. पाल गुंडाळायचं, मेंढरांभोवती रात्री लावलेली वाघूर काढायची, ती घोड्याच्या एका अंगाला, भांडी दुसऱ्या अंगाला, वर गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, रात्री जन्मलेलं कोकरू आणि सगळ्यांच्या वर दीड-दोन वर्षांचं पोर. दोन्ही बाजूंचा तोल सारखा झाला नाही तर घोड्याची पाठ लागते, म्हणून बाई दोर आवळून एकदा हातानं ओझं हलवून बघते. मग लगाम धरून ती पुढच्या मुक्कामाकडे चालू लागते. मल्हारराव होळकर अशाच घरातून निघून घोडदळाचे सरदार झाले, आणि जामखेडजवळच्या चौंडीत जन्मलेल्या त्यांच्या सुनेचं नाव आता जिल्ह्याला आहे.

ठेंगणं, काटक, टणक खुराचं, वाळल्या गवतावर तगणारं हे घोडं भीमथडी या नावानं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत आलं ते २०२३-२४ च्या सुमाराला. देशातली नोंदलेली ती आठवी घोड्यांची जात. नोंद झाली तीही घोडी घटत असताना. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडी-तट्टं होती, २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार उरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीचा उद्योग घेतला. भांडवली खर्चाच्या निम्मं, ५० लाखांपर्यंत, अनुदान. वाचायला झकास. पण उरलेलं निम्मं आधी उभं करायचं, जमीन दाखवायची, बँकेच्या पायऱ्या झिजवायच्या. वर्षाचे आठ महिने रस्त्यावर असणाऱ्या बाईकडे सातबारा कुठला? हे अनुदान बहुधा अशा माणसाला मिळेल ज्यानं भीमथडी घोडं पहिल्यांदा माहितीपत्रकात पाहिलं. मेंढपाळांनीच संस्था केली, एखाद्या तरुण पशुवैद्यानं नोंदी ठेवल्या, चांगले घोडे निवडून शिंगरं विकली, तर मात्र इथे खरा उद्योग उभा राहू शकतो. रायडिंग शाळांना लहान मुलांसाठी असंच शांत, ठेंगणं घोडं हवं असतं. या सगळ्या गोतावळ्यात मालकी, स्वारी आणि खरारा एकाच घरात असणारं घोडं हे एवढंच.

थरोब्रेडचं शर्यतीतलं आयुष्य सहा-सात वर्षांच्या वयात आटोपतं आणि त्यानंतर तो आणखी पंधरा-वीस वर्षं जगतो. त्याचं काय करायचं, हा प्रश्न मालकांना आवडत नाही. पूनावालांच्या फार्मवरून असे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात; घोड्याच्या रक्तापासून तिथे धनुर्वातावरचं प्रतिविष करत. घोडा आपला आणि औषध दुसऱ्याचं, हे सायरस पूनावालांच्या ध्यानात आलं आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हाफकिनचे घोडे आजही पिंपरीला आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष त्यांना अगदी थोडं थोडं टोचतात, त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्य तयार होतं, ठरलेल्या अंतरानं रक्त काढून तांबड्या पेशी त्यांना परत देतात आणि उरलेल्यातून सर्पदंशावरचं औषध होतं. नेवासा-राहुरीकडे उसाला रात्रीच्या पाळीचं पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावला तर ग्रामीण रुग्णालयात सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. त्या कुप्यांमागच्या घोड्यांनाही चंदी घालणारा, खरारा करणारा, खूर तासणारा आणि रक्त काढल्यावर रात्री उठून त्यांचा ताप बघणारा माणूस लागतो. ती नोकरी पक्की असते, आणि तिच्यावर जीएसटी लागत नाही.